जर्मनमधल्या 'वेर्कत्सॉयक' शब्दातलं 'त्सॉयक' आलं कुठनं?

उद्यमबाग_टूलरूम:
नमस्कार मंडळी, मी बेळगावच्या उद्यमबागेत टूलरूमला आहे, आमच्याकडं जर्मन मशीन आहे आणि तिच्या कॅटलॉगात पानोपानी वेर्कत्सॉयक हा शब्द येतोय, वेर्क म्हणजे काम आणि अख्खा शब्द म्हणजे टूल, एवढं कळलं. पण आता संध्याकाळी जर्मनचा क्लास लावलाय तिथं विमानाला फ्लूकत्सॉयक, लायटरला फॉयरत्सॉयक, खेळण्याला श्पीलत्सॉयक म्हणून शिकवालेत. डिक्शनरीत त्सॉयक म्हणजे नुसतं 'सामान' दिलंय, तेवढ्यानं समाधान होईना झालंय. मूळ कुणाला माहीत असलं तर सांगा की ओ.

खानापूर_रोड:
चांगलं विचारलात. त्सीएन म्हणजे ओढणे, त्या क्रियापदाच्या कुळातला हा शब्द. रेल्वेला त्सूक म्हणतात तोही त्यातलाच. त्सॉयक म्हणजे आधी ओढायचं साधन, मग कुठल्याही कामाचं साधन, अगदी लढाईची सामग्रीसुद्धा. बर्लिनमध्ये त्सॉयकहाउस आहे, 1695 ला बांधायला घेतलेलं शस्त्रागार, आता तिथं जर्मन इतिहासाचं म्युझियम आहे. आणि रोजच्या बोलण्यात घासत घासत अर्थ 'सटरफटर सामान' इथवर आला, डिक्शनरीत तुम्हाला तोच दिसला.

शहापूर_पेठ:
मग साक्षीदाराला त्सॉयगे म्हणतात ते वेगळं काय?

खानापूर_रोड:
वेगळं नाही ओ, तेही त्सीएनचंच! कोर्टापुढं ओढून आणलेला माणूस तो त्सॉयगे. आपणही कोर्टात खेचलं म्हणतोच की. मला तर या सगळ्यात हाच शब्द सगळ्यात आवडतो.

टिळकवाडी_ताई:
विमानाचं राहिलं बघा. फ्लूक म्हणजे उड्डाण, पण हा शब्द नवा, वाहनाला फारत्सॉयक होतं त्याच्यावरून पाडलेला. आणि ते फारत्सॉयक उत्तरेकडच्या दर्यावर्दी बोलीतनं आलेलं, आधी जहाजाला म्हणायचे, डच लोक अजून जहाजाला फार्टउख आणि विमानाला फ्लीखटउख म्हणतात, टउख म्हणजे आपलं त्सॉयकच.
दादा, क्लासला उपयोगी पडेल म्हणून सांगते, जोडशब्दाचं लिंग शेवटच्या पदावर ठरतं, आपल्या देवघरासारखं, देव पुल्लिंगी असला तरी ते देवघर. त्सॉयक नपुंसकलिंगी, म्हणून वेर्कत्सॉयक, फ्लूकत्सॉयक सगळ्यांना पुढं दास हेच आर्टिकल लागणार (पुल्लिंगीला डेर, स्त्रीलिंगीला डी, नपुंसकाला दास). कन्नड मिडियमची पोरं क्लासात असतील तर त्यांनाही सांगा, कन्नडमध्ये निर्जीव वस्तू सरसकट नपुंसक, त्यामुळं डेर-डी-दास त्यांना जास्त जड जातं.

उद्यमबाग_टूलरूम:
ताई, सर, लई आभार. कॅटलॉगात वेर्कत्सॉयकमशीने आहे, म्हणजे तिथं शेवटी मशीने आलं म्हणून डी लागणार, बरोबर?

टिळकवाडी_ताई:
एकदम बरोबर.