नवीन चेनसॉ स्लोवर ठेवला की दोन मिनिटांत बंद पडतो – मदत हवी आहे

दापोलीकर_बागवाला

नमस्कार मंडळी. दिवाळीनंतर चेनसॉ घेतला. ५८ सीसी, २२ इंची पान, टू-स्ट्रोक. निसर्ग वादळात (३ जून २०२०) आमची अर्धी बाग आडवी झाली, तेव्हा भाड्याच्या कटरवाल्यांच्या मागे फिरून फिरून चपला झिजल्या होत्या. तेव्हाच ठरवलं होतं की एक दिवस स्वतःचं मशीन घ्यायचं. घेतलं, आणि आता ते मला झिजवतंय.

त्रास असा. थंड मशीन चोक लावून चौथ्या-पाचव्या ओढीला चालू होतं. कापताना काही तक्रार नाही, आंब्याचं सुकं खोड न अडखळता कापतं. पण तुकडा पडला की मी मशीन स्लोवर, म्हणजे एक्सलेटर न दाबता, चालूच ठेवून बाजूला जमिनीवर ठेवतो, काका आणि मी पहारीने ओंडका उलटा करतो, आणि वळून बघावं तर मशीन गप्प. मग तापलेलं मशीन परत चालू करायला दहा-दहा ओढी. उजवा खांदा कामातून गेलाय.

केलेले उपाय: एअर फिल्टर बघितला, स्वच्छ आहे. प्लग काढला तर काळा आणि ओला, म्हणून नवीन टाकला. फरक शून्य. पेट्रोल-ऑइलचं प्रमाण पुस्तिकेप्रमाणे २५ ला १, म्हणजे लिटरला ४० मिली टूटी (टू-स्ट्रोकचं ऑइल). आयडलचा (स्लोचा) स्क्रू अर्धा आटा आवळला, त्याने जरा जास्त वेळ तग धरतं, पण आता चेन बसल्या जागी हळूहळू फिरते. दुकानदार म्हणतो, "नवीन आहे, पाच-सहा टाक्या जाऊ द्या, आपोआप बसेल." माझ्या चार झाल्या. वाट बघू की उघडू?

घाटावरचा_फिटर

बाकी सगळं नंतर, आधी तो आयडलचा स्क्रू होता तिथे आणा. आत्ता, हे वाचून झाल्यावर लगेच. स्लोवर चेन फिरता कामा नये. आत सेंट्रिफ्यूगल क्लच असतो, वेग वाढला की त्याचे बूट बाहेर फाकतात आणि ड्रमला धरतात. स्लोवर चेन फिरते म्हणजे तुम्ही स्लो इतका चढवलाय की क्लच धरायला लागलाय. असं मशीन जमिनीवर ठेवून तुम्ही पाठ फिरवताय आणि बाजूला काका उभे आहेत. पाय काकांचा जाईल, ओरडा तुम्ही खाल.

आणि पुढे चेन ब्रेक (चेन जागेवर अडवून धरणारा) लावल्याशिवाय मशीन खाली ठेवायचं नाही. ब्रेक लावलेला असताना एक्सलेटर मात्र दाबू नका, क्लच जळतो.

आता आजाराचं. "बंद पडतं" एवढ्यावर काही सांगता येत नाही, कसं बंद पडतं ते सांगा. आवाज जड होत, भडभडत, धूर टाकत बसत जातो का? की आधी आवाज बारीक होऊन वर चढतो आणि मग एकदम जातो? पहिलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय, दुसरं असेल तर कमी. दोन्हींचे इलाज बरोब्बर उलटे आहेत, म्हणून अंदाजाने स्क्रूला हात लावू नका. पडल्या पडल्या परत चालू करून एकदम एक्सलेटर दाबा, उचलतो की गुदमरतो तेही बघा.

काळ्या प्लगवर जाऊ नका. चोक लावून दहा ओढी मारल्यावर कुठलाही प्लग काळा-ओलाच निघणार. प्लग वाचायचा तो भरपूर कापून, कापता कापताच स्विच बंद करून. तांबूस-विटकरी असेल तर बरा, पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी.

नारळवाडी

माझ्या ग्रास कटरला असंच व्हायचं, दोष टाकीच्या झाकणात होता. टाकीत हवा शिरायला जे बारीक छिद्र असतं ते बुजलं की पेट्रोल उपसलं जाईल तसतशी आत पोकळी होते आणि पेट्रोल यायचं थांबतं. बंद पडल्यावर झाकण सैल करून बघा, 'फुस्स' आवाज आला आणि लगेच चालू झालं तर रोग सापडला. मशीन बंद असतानाच करा, सायलेन्सर गार होऊ द्या, तापलेल्या टाकीतून पेट्रोल उडतं कधी कधी.

दापोलीकर_बागवाला

फिटरदादा, स्क्रू पूर्ववत केला. चेन थांबली. काकांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते आता मशीनपासून सहा हात लांब उभे राहतात आणि सूचना तिथूनच देतात.

आज मोबाईलचं घड्याळ लावून बसलो. गरम मशीन, अर्धी टाकी, चेन ब्रेक लावलेला, हात लांब. पहिलं मिनिटभर आवाज एकसारखा टक-टक-टक. मग बारीक होत वर चढला, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी होतो तसा, आणि १ मिनिट ४० सेकंदांनी खलास. धूर अजिबात नाही. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा दीड ते दोन मिनिटांत. परत चालू करून ब्रेक काढला आणि एक्सलेटर दाबला तर 'ब्वाऽऽ' करून गुदमरतं, हळूहळू दाबलं तर उचलतं.

नारळवाडी, झाकणही बघितलं. फुस्स नाही, फरक नाही.

घाटावरचा_फिटर

छान तपासलंत. गिऱ्हाईक असं सांगायला लागलं तर आमचं अर्धं काम कमी होईल. म्हणजे झाकणाचा दोष नाही. स्लोवर पेट्रोल कमी पडतंय.

मग लगेच का पडत नाही, तर टू-स्ट्रोकमध्ये हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये जातं, मग वर सिलिंडरमध्ये. कापताना भरपूर पेट्रोल गेलेलं असतं, त्यातलं थोडं खाली तळाशी साचलेलं असतं. तुम्ही मशीन ठेवल्यावर ते मिनिटभर त्या शिलकीवर चालतं. शिल्लक संपली की मिश्रण पातळ, आवाज वर, आणि बंद.

कार्बोरेटरच्या बाजूला तीन स्क्रू असतील: एल, एच आणि टी. टी म्हणजे तुम्ही आवळलात तो, तो फक्त थ्रॉटलची पाकळी उघडी धरतो. एल म्हणजे स्लोचं पेट्रोल, एच म्हणजे फुल एक्सलेटरचं. एचला हात लावायचा नाही. फुल वेगात पेट्रोल कमी पडलं तर ऑइलही कमी पडतं, कारण ते पेट्रोलातूनच येतं, आणि पिस्टन चिकटतो. नवीन मशीनचं मातेरं व्हायला एक टाकी पुरते.

एल असा लावा. मशीन पाच मिनिटं कापून गरम करा. एल घड्याळाच्या दिशेने हळूहळू फिरवा, आवाज वर जाऊन पुढे पडायला लागेल. मग उलट फिरवा, परत वर जाऊन जड व्हायला लागेल. या दोन्हींच्या मध्ये जिथे आवाज सगळ्यात वर असतो ती जागा शोधा आणि तिथून पाव आटा उलट, म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध सोडा. त्यानंतर टी फिरवून चेन थांबेल एवढा स्लो उतरवा. टी नेहमी शेवटी. लोक आधी टी पिळतात, तिथेच सगळं बिघडतं (तुमच्याबद्दल बोलत नाहीये. बरं, बोलतोय).

एल पूर्ण बंद करून आटे मोजायचे झाले तर दोन बोटांनी, टेकेपर्यंतच. पिळलात तर सुईचं टोक चेपतं. आणि स्क्रूवर प्लास्टिकची टोपी असेल तर ती तोडायच्या आधी वॉरंटीचा कागद वाचा.

एल लावून दोन दिवसांत परत बिघडलं, किंवा मशीन आडवं-उभं केल्यावर स्लो बदलायला लागला, तर मात्र कुठून तरी जास्तीची हवा शिरतेय, सील नाहीतर कार्बोरेटरमागचं रबर. तेव्हा सरळ दुकानदाराच्या टेबलावर नेऊन ठेवा.

मळ्यातली_मी

एक विचारू? पेट्रोल कुठलं वापरता? हल्ली पंपावर ई-२० मिळतं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. शुद्ध पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९ च्या आसपास, म्हणजे इथेनॉल मिसळलं की तेवढ्याच हवेला जास्त इंधन लागतं. कारखान्यात साध्या पेट्रोलवर लावलेलं मशीन ई-२० वर उपाशी राहतं. गाडीत सेन्सर असतो, तो सांभाळून घेतो. आपल्या कार्बोरेटरला सेन्सर कुठला?

खात्री करायची तर १०० मिली पेट्रोल (ऑइल न घातलेलं) आणि २० मिली पाणी खुणांच्या बाटलीत हलवून दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं, खालचा थर वाढलेला दिसतो. चुलीपासून लांब, अंगणात करा.

स्वीडनहून

इकडे जंगलात काम करणारे बरेच जण अल्किलेट पेट्रोल वापरतात, डब्यात मिळतं, इथेनॉल नसतं, वर्षानुवर्षं खराब होत नाही. महाग आहे आणि तिकडे मिळायचं कठीण, त्यामुळे माझा उपयोग शून्य, तरी सांगितलं. उपयोगाची गोष्ट एकच: काम झालं की टाकी रिकामी करा आणि मशीन स्लोवर चालवून कार्बोरेटर कोरडा करा. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि आतले रबरी पडदे कडक होतात. आणि कोणी विचारलं नाही म्हणून मीच विचारतो, ओंडका उलटवायला दोन मिनिटं लागणार असतील तर मशीन चालू कशाला ठेवायचं? इकडे पाच पावलं चालायचं झालं तरी ब्रेक लावतात, आणि इतका वेळ लागणार असेल तर बंदच करतात.

दापोलीकर_बागवाला

सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

ताई, प्रयोग केला. घरात खुणांची बाटली एकच निघाली, ती म्हणजे पुतण्याची जुनी दुधाची. वहिनीने "ती आता परत आणू नकोस" एवढ्याच अटीवर दिली. २० मिली पाणी घातलं होतं, दहा मिनिटांनी खालचा थर ४० च्या खुणेला अगदी किंचित कमी, म्हणजे इथेनॉल जवळजवळ २० टक्के. मधली रेघ काचेसारखी स्पष्ट. मग पुस्तिका परत काढली, मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलंय, इथेनॉल १० टक्क्यांपर्यंत चालेल. दुकानदाराने ऑइलची बाटली हातात दिली, हे नाही सांगितलं.

काल संध्याकाळी फिटरदादांच्या पद्धतीने एल लावला. टोपी नव्हती. आधी मोजलं, तो जेमतेम एक आटा उघडा होता. आवाज सगळ्यात वर कुठे जातो ते पहिल्या वेळी कळलंच नाही, माझ्या कानांना सगळं सारखंच वाटत होतं. काका लांबून ओरडले, "आता! आता!" त्यांनी तीस वर्षं पंपाचं इंजिन चालवलंय. तिथून पाव आटा सोडला, आता एकूण सव्वा आट्याच्या पुढेमागे आहे. मग टी उतरवला, चेन स्थिर.

त्यानंतर सहा मिनिटं स्लोवर ठेवलं. चाललं. मीच कंटाळून बंद केलं. एक्सलेटर एकदम दाबला तरी गुदमरत नाही. आज सकाळी दीड टाकी कापलं, एकदाही पडलं नाही, गरम असताना दुसऱ्या ओढीला चालू. आडवं धरून, नाक खाली करून बघितलं, स्लो बदलत नाही. कापता कापता बंद करून प्लग काढला, विटकरी.

स्वीडनवाले दादा, तुमचं बरोबर आहे. चालू ठेवायचो कारण परत दहा ओढी मारायची भीती होती. आता दुसऱ्या ओढीला होतंय म्हणून ओंडका उलटवताना बंदच करतो.

एक शंका राहिली. पेट्रोल बदललं, म्हणजे कुठून बिनइथेनॉलचं मिळालं, तर एल परत आत घ्यावा लागेल का? आणि एच कारखान्यातलाच आहे, तोही याच हिशोबाने कमी पडत असेल का? कापताना आवाज मला ठीक वाटतो, पण माझ्या कानांचं तुम्ही वाचलंतच.

घाटावरचा_फिटर

एल घ्यावा लागेल, थोडा, धूर दिसला आणि स्लो जड झाला तर. एचची शंका रास्त आहे, पण तो कानाने लावायचा नाही. टॅकोमीटर (इंजिनाचे फेरे मोजायचं यंत्र) असलेल्या सर्व्हिसवाल्याकडे घेऊन जा, पुस्तिकेत कमाल आरपीएम दिलाय त्याच्या वर जाऊ देऊ नका म्हणावं. फुल एक्सलेटरला, लाकडात नसताना, आवाज किंचित फाटल्यासारखा, चार-स्ट्रोकसारखा यायला हवा आणि लाकडात घातल्यावर स्वच्छ व्हायला हवा. हवेतही शिट्टीसारखा स्वच्छ येत असेल तर त्या दिवशी कापू नका. काकांना ऐकवा, त्यांना कळेल.