काल्पनिक जलदुर्ग: तीनशे वर्षं ओसाड पडल्यावर काय उरेल?

शिडाची_होडी: मंडळी, फँटसी कादंबरी लिहितेय. भर समुद्रात खडकावर किल्ला, तीनशे वर्षं ओसाड. आकाशात दोन चंद्र. नायिका एकटीच होडीने जाते. लाकडी दरवाजा करकरत उघडतो, आत जळमटं, सांध्यातला चुना झडलेला, पण दगड ठणठणीत. नवरा म्हणतो, हा राजस्थानातला किल्ला वाटतो. समुद्र कुठे कमी पडतोय?

कासा_समोरचा: ताई, नवरोबा बरोबर बोलतायत. मी मुरूडचा, पद्मदुर्ग हा जलदुर्ग आमच्या समोरच. तिथे तुमच्या बरोब्बर उलटं झालंय. दगड झिजलाय आणि चुना शाबूत! काही ठिकाणी दगड आत इतका खोल गेलाय की सांध्यांच्या चुन्याची नुसती चौकट बाहेर राहिलीय, मधाच्या पोळ्यासारखी. खारं पाणी दगडाच्या छिद्रांत शिरतं, सुकतं, आत मीठ धरतं आणि दगड पापुद्र्यांनी सुटतो. चुना कसला मळला होता देव जाणे. तुमच्या नायिकेला त्या चौकटीत बोटं अडकवून तट चढू द्या की.

दरवाज्याचं विसरा. बिजागऱ्या गंजून, फळ्या कुजून कधीच गेल्या असतील. कमान ठेवा, तीही समोरून दिसू देऊ नका. जंजिऱ्याचा दरवाजा होडी अगदी जवळ जाईपर्यंत कळत नाही. सिंधुदुर्गाचाही बुरुजांच्या वळणात लपवलाय. आणि होडी लावणं सोपं नसतं हो! जंजिऱ्याच्या पायऱ्यांशी लाटेने होडी वर आली की त्याच क्षणी पाय टाकायचा. एकटी आहे, तर होडी धरणार कोण?

अष्टमीचा_भांग: दोन चंद्र घेतलेत तर वापरा ना. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात कमी. तुमचे दोन्ही चंद्र एका रेषेत आले की उधाण भयंकर, पण त्याच दिवशी ओहोटीही लांबवर जाईल. अलिबागला ओहोटीत कुलाबा किल्ल्यात चालत जातात. तिलाही चालतच पाठवा. भरती कधी फिरते ते तिला ठाऊक नको.

शिडाची_होडी: भारीच! होडी रद्द. पण कुलाब्याच्या तटात चुनाच नाही असं वाचलं, मग तो उभा कसा?

कासा_समोरचा: प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत. फटींतून पाणी आत शिरतं, लाटेचा जोर तिथेच मोडतो. मग दोन पिढ्यांचं बांधकाम दाखवा: जुना तट कोरडा रचलेला, नंतरच्या राजाने चुन्यात बांधलेला. आणि आत गोड्या पाण्याची विहीर हवीच. सिंधुदुर्गात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन आहेत, चहूकडे खारं पाणी असून. भरतीत अडकली तर पोर पिणार काय?

अष्टमीचा_भांग: विहिरीच्या काठावर उंबर लावा. तट फोडायला त्याची मुळं पुरतात.