थीम पार्क काढायचंच झालं तर: बंदर, घाट, बाजार, विवर

घाटवाट:
माझ्या डोक्यात बरीच वर्षं एक थीम पार्क आहे. वहीत नकाशाही काढून ठेवलाय. पैसा आणि जागा कुठून येणार हे सध्या बाजूला ठेवू. नकाशा सांगतो, चुका दाखवा.

विभाग चार. आत शिरलं की बंदर. पायाखाली जांभा, धक्क्याला लागलेला मचवा, वाळत घातलेल्या जाळ्यांचा वास. तिथून वर जायचं ते बोरघाटाच्या गाडीने. खऱ्या घाटात पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात, कारण ३७ फुटांमागे एक फूट असा चढ नुसत्या पुढच्या इंजिनाला झेपत नाही. ती लागताना डब्याला हलकासा धक्का बसतो, माझी राइड त्या धक्क्यापासून सुरू होते. मग बोगदे, अंधार-उजेड, अंधार-उजेड, आणि शेवटच्या बोगद्याबाहेर धुकं. उतरलात की पायाखाली काळा दगड. घाट चढून देशावर आलो हे पाटी न वाचता पायांना कळलं पाहिजे. विभाग कमानीने पडत नाही, जमिनीने पडतो, माझा सगळा आग्रह एवढ्याचाच आहे.

पुढे आठवडी बाजार आणि टोकाला लोणार. जवळपास १.८ किलोमीटर व्यासाचं विवर काही बांधता येणार नाही. पण काठावर उभं राहून उल्का येताना बघायची आणि मग खाली उतरायचं, एवढं नक्की जमेल.

कातळटाकं:
माझा विरोध आहे, आणि मनापासून आहे. दर उन्हाळ्यात आम्ही गडावरच्या टाक्यांतला गाळ काढतो. एका टाक्याला वीस जणांचे दोन रविवार जातात. हातोहात घमेली वर येतात, आणि मग कधीतरी ओल्या कातळावर छिन्नीच्या खुणा दिसायला लागतात. त्यांवरून एकदा बोट फिरवलं की फायबरचा दगड डोळ्यांसमोर नको होतो.

२०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा आपल्या राज्यातले आणि तमिळनाडूतला जिंजी. खरं दोन तासांवर असताना नक्कल कशाला उभारायची? एकदा नक्कल सोयीची झाली की खऱ्याकडे कोण फिरकणार? लोणारला तर हातच लावू नका. ते खारं, अल्कधर्मी पाणी आणि त्यात तगणारे सूक्ष्मजीव, त्यांच्यामुळे जून २०२० मध्ये तळं गुलाबी झालं. हे पंपाने आणि रंगाने होणार आहे का?

शेवंती:
कातळटाकं, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण दोन तासांवर म्हणजे कुणाच्या पायांनी? माझी आई एकाहत्तर वर्षांची आहे, दोन्ही गुडघे बदललेत. बाबा तरुणपणी हरिश्चंद्रगडावर जायचे. कोकणकड्याच्या तोंडाशी पालथं पडून खाली बघायचं आणि दरीतून येणारा वारा तोंडावर घ्यायचा, हे त्यांनी तिला इतक्यांदा सांगितलंय की ते तिला पाठ आहे. स्वतः ती कधीच गेली नाही, आता जाणारही नाही. घाटवाट, तुमच्या नकाशात कडाच नाही! चाकाची खुर्ची नेता येईल असा एक कडा घाला, बाकी काहीही कमी करा.

रांगेतला:
मी एका पार्कात तीन सीझन रांगा सांभाळल्यात, म्हणून थोडा हिशेब मांडतो. साठ माणसांची गाडी दर चार मिनिटांनी सोडली तर तासाला नऊशे माणसं वर जातील. सकाळी पाच हजार आले तर शेवटचा माणूस साडेपाच तासांनी देशावर पोहोचेल, तोही लहान मुलांसकट आणि उन्हात. एकच वाट ठेवणं हा नकाशातला सगळ्यात मोठा दोष आहे.

१९५५ च्या डिस्नेलँडचा आराखडा बघा. एक प्रवेश, एक सरळ रस्ता, मध्ये चौक आणि चौकातून प्रत्येक विभागाला वेगळी वाट. गर्दी आपोआप पांगते. भोवती मातीचा उंच बांध, म्हणजे आतून बाहेरचं गाव दिसत नाही. आणि जमिनीचं म्हणाल तर तिथेही पहिल्याच दिवशी डांबर पुरतं वाळलं नव्हतं, बायकांच्या टाचा त्यात रुतल्या. तुमच्या जांभ्यावर जुलैत शेवाळ धरणार, काळा दगड मे महिन्यात पोळणार. पायांना कळायला हवं हे खरं, पण पाय शाबूत राहिले तर.

घाटवाट:
गाडीचा हिशेब मान्य, रात्री नकाशा खोडला. गाडीशेजारी पायवाट घेतोय, नाणेघाट. वर दगडी रांजण, जकातीचं नाणं टाकायचं आणि बाजारात शिरायचं. दगडाला टाचे मारून घेऊ, शेवाळावर पाय सरकणार नाही. जमीन मात्र बदलणारच.

कातळटाकं, नकाशात किल्ला एकही नाही हे बघितलंत का? तो मी मुद्दाम ठेवला नाही, तुम्ही सांगताय त्याच कारणासाठी. पण बंद झालेलं बंदर किंवा कधीचीच पडून गेलेली उल्का, यांचं खरं कुठे जाऊन बघायचं?

कातळटाकं:
किल्ला नाही हे वाचलं, बरं वाटलं. उल्केचंही पटतं. कड्याचं नाही पटत. तिथे वारा पंख्याचा असणार. शेवंती, आईंना खऱ्या नाणेघाटात न्या. गाडी माथ्याजवळपर्यंत जाते, आणि पावसात दरीतला वारा धबधब्याचं पाणी उलटं वर फेकतो. तिथे एक उतार आणि धड कठडा बांधायला पार्कच्या खर्चाचा एक कोपराही लागणार नाही.

शेवंती:
गेलो होतो, मागच्या ऑगस्टमध्ये. गाडी लावली तिथून पुढे दगडधोंड्यांची ओली वाट. आई पन्नासेक पावलांवर थांबली, म्हणाली तुम्ही जाऊन या. आम्ही भिजून परत आलो आणि तिला मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. कातळटाकं, तुमचा तो उतार होईल त्या दिवशी पहिली गाडी आमची असेल. तोवर घाटवाट, कडा कुठल्या बाजूला घेताय ते सांगा.