न्यायाधीश मतांनी निवडावा का? टेक्सासच्या सुरेंद्रन पट्टेल यांच्या निमित्ताने

माणदेशी: हे पट्टेल म्हणजे केरळच्या कासारगोडचा मुलगा. दहावीनंतर शाळा सुटली, घरच्यांबरोबर विड्या वळल्या. पुढे हॉटेलात राबून कालिकतला वकिली शिकला. २००७ मध्ये पत्नीच्या नर्सच्या नोकरीमुळे अमेरिकेत गेला, आधी किराणा दुकानात काम केलं, मग टेक्सासमध्ये वकिली करायला लागणारी बार परीक्षा दिली. २०१७ ला नागरिकत्व. २०२० ला न्यायाधीशपदाची निवडणूक हरला. २०२२ ला स्वपक्षाच्याच विद्यमान न्यायाधीशाला पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत हरवून फोर्ट बेंड काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) २४०व्या जिल्हा न्यायालयात निवडून आला. उच्चारांमुळे मतं मिळणार नाहीत, असं पक्षातलेच म्हणत होते. नेमणुकीची पद्धत असती तर या माणसाचं नाव कुणी पुढे केलं असतं? मला नाही वाटत.

तालुका_कोर्ट: पट्टेल यांना सलाम, पण पद्धतीला विरोध. कॅलिफोर्नियाचे न्यायाधीश अ‍ॅरन पर्स्की आठवा. २०१६ मध्ये लैंगिक अत्याचारात दोषी ठरलेल्या स्टॅनफर्डच्या विद्यार्थ्याला त्यांनी सहाच महिन्यांची कैद दिली. शिक्षा मलाही कमीच वाटते. पण चौकशी आयोगाला त्यांच्या वागण्यात गैर काही सापडलं नाही, तरी २०१८ ला मतदारांनी मत देऊन त्यांना मुदतीआधीच पदावरून काढलं. शिक्षा चुकली तर वरचं कोर्ट आहे ना! उद्या दुसरा न्यायाधीश शिक्षा लिहिताना कायदा बघेल की मतदार?

माणदेशी: बघू दे की मतदाराकडे! आपल्याकडे पक्षकार तारखा मोजत म्हातारा होतो आणि विचारायची सोय नाही. तिथे दर चार वर्षांनी विचारता येतं.

शुगरलँडकर: मी याच काउंटीत मतदान करतो. मशीनच्या पडद्यावर पानामागून पान न्यायाधीशांची नावं येतात आणि नावापुढे फक्त पक्ष. कुणाचे निकाल कसे, हे तिथे कळत नाही. शेजारच्या हॅरिस काउंटीत २०१८ ला डेमोक्रॅट लाटेत डझनावारी रिपब्लिकन न्यायाधीश एका रात्रीत घरी गेले. त्यातले चांगले कोण, वाईट कोण, हे बघायला कुणी थांबलंच नाही. तेव्हा एका बटणात अख्ख्या पक्षाला मत देता यायचं, ती सोय २०२० पासून गेली. पट्टेल यांना मी मनापासून मत दिलं. बाकीच्या नावांपुढे पक्ष बघून बटणं दाबली, याची मला खरंच लाज वाटते.

माणदेशी: मग पक्षाची चिन्हं काढा, निवडणूक कशाला काढता?

तालुका_कोर्ट: चिन्ह काढलं तरी जात, भावकी, पैसा राहतोच. माझ्याकडे एका विधवेचा वाटपाचा दावा होता. दीर गावात वजनदार, साक्षीला एकही माणूस येईना. न्यायाधीश परजिल्ह्यातून बदलून आलेले, गावात त्यांचं कुणी नाही. जुने फेरफार त्यांनी स्वतः ओळीओळीने वाचले आणि हिस्सा दिला. निकालाच्या दिवशी अख्खं गाव कोर्टाच्या आवारात उभं होतं. त्यांना त्या गावाकडून काहीच नको होतं, म्हणून आज सातबाऱ्यावर तिचं नाव आहे.