गुहागरजवळ घर बांधतोय: नळ, पाइप, टाकी, कुठलं काय घेऊ?

आगरातला
मंडळी, सल्ला हवाय. गुहागरच्या अलीकडे, समुद्रापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर आजोबांच्या आगरात चिऱ्याचं घर बांधतोय. एकमजली, वर कौलं, स्लॅब फक्त न्हाणीघर-संडासावर. जोतं झालंय, विहीर आहे. आम्ही पुण्यात, आईबाबा गणपती ते शिमगा तिथे राहतील, मग कुलूप. प्लंबर म्हणतो सगळा सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप) टाकू, भिंतीत गाडून. बायकोने भिंतीतला डायव्हर्टर (नळ-शॉवरकडे पाणी वळवणारा व्हॉल्व्ह) आणि डोक्यावरच्या मोठ्ठ्या शॉवरचा फोटो पाठवलाय. आईला मागच्या दारी बंबाला जागा हवी. कुठल्या कंपनीचा माल घेऊ?

चिराबंदी
कंपनी शेवटी. आधी दोन गोष्टी सांगा: टाकी किती उंचीवर, आणि विहिरीचं पाणी मे महिन्यात कसं असतं?

आगरातला
टाकी स्लॅबवरच, दोन फुटी कट्ट्यावर. स्लॅब 10 फुटांवर. पाणी मेमध्ये थोडं मचूळ लागतं असं बाबा म्हणतात. बादलीला तांबूस थर बसतो.

चिराबंदी
मग वहिनींना आत्ताच सांगून टाका, तो शॉवर ठिबकणार. 10 मीटर उंचीला 1 बार दाब मिळतो. तुमच्या टाकीचा तळ 12 फुटांवर, शॉवर 7 फुटांवर, म्हणजे मधे उरले 5 फूट. दाब 0.15 बार! त्या शॉवरला साधारण 1 बार तरी लागतो. वर डायव्हर्टर स्वतःच पाणी अडवतो. प्रेशर पंप बसवता येतो, पण पावसाळ्यात लाइट गेली की अंगाला साबण लावून उभे राहाल.

मी असतो तर घराला टेकून चार खांब उभारून टाकी 20 फुटांवर नेली असती. तेवढ्यात 0.4 बार होतो. हँड शॉवर आणि साधे नळ झकास चालतात. टाकीतून खाली येणारी लाइन सव्वा इंची, पुढे एक, मग पाऊण, आणि अर्धा इंची फक्त नळाजवळ. आमच्या प्लंबरने टाकीपासूनच पाऊण इंची आणली होती. स्वयंपाकघरात नळ उघडला की न्हाणीत ओरडा. पुढेमागे पाणी तापवायचा सोलर लावायचा असेल तर थंड पाण्याची टाकी त्याच्या टाकीपेक्षा वर लागते, म्हणून खांब आत्ताच.

भिंतीत गाडण्याबद्दल: चिरा पाणी पितो. आमच्याकडे एक जोड झिरपत होता, सहा महिने पत्ता नाही. देवघराच्या भिंतीवर बाहेरून हिरवं शेवाळ दिसलं तेव्हा कळलं, आणि सात चिरे काढावे लागले. त्यानंतर मी लाइन मागच्या भिंतीवरून उघडी फिरवली. उन्हात सीपीव्हीसी ठिसूळ होतो, म्हणून वर पांढरा रंग मारलाय. न्हाणीच्या आत गाडावंच लागलं तर गिलाव्याआधी पंपाने दाब देऊन रात्रभर ठेवा, आणि भिंतीला टेप लावून प्रत्येक लाइनीचा फोटो काढा. थंड पाण्याला साधा प्लास्टिकचा यूपीव्हीसी पुरतो, गरमालाच सीपीव्हीसी. दोघांचं जोड चिकटवायचं सोल्यूशन वेगळं, तिथे लक्ष ठेवा. बंबाला काही जोडू नका, वर एक नळ दिला की झालं.

तांबूस थर म्हणजे लोह. जांभ्यातून, म्हणजे चिऱ्याच्या दगडातून, येणारच. पाणी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि मे अखेरचा नमुना द्या, श्रावणातला नको. नळाच्या तोंडाची जाळी काढून धुता येईल असेच नळ घ्या. क्लॅम्प, स्क्रू खारी हवा खाते. बाहेर 316 ग्रेडचं स्टेनलेस स्टील, 304 वर दोन पावसाळ्यांत तांबडे ठिपके येतात. जीआयचं (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) नावच काढू नका.

आचऱ्याची लेक
सगळं बरोबर, पण संडासाच्या लाइनीचं कुणीच बोललं नाही! शोषखड्डा विहिरीपासून किमान 60 फूट आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा. जांभ्यातून पाणी भराभर पाझरतं आणि आषाढात विहीर काठापर्यंत येते, तेव्हा मधलं अंतरच वाचवतं. न्हाणी-मोरीचं पाणी खड्ड्यात नको, माडांना सोडा.

घर बंद राहणार म्हणून एक सांगते. नहाणी ट्रॅपमधलं (न्हाणीच्या जाळीखालचा, वास अडवणारा वाटीसारखा भाग) दोन इंच पाणी महिना-दोन महिन्यांत सुकतं. मग झुरळं वर, नि दार उघडलं की वास! आम्ही निघताना बादलीभर पाणी ओतून वर चार चमचे खोबरेल सोडतो, पाणी उडत नाही. शिवाय मेन व्हॉल्व्ह दाराबाहेर हाताशी ठेवा, शेजाऱ्याला बंद करता येईल असा. नि वानर! उघडा पाइप दिसला की लोंबकळतात. दर दोन फुटांवर क्लॅम्प मारा. बाकी आमच्याकडे येवा, दाखवतंय.

आगरातला
जोत्यातून संडासाचा पाइप काढायला भोकंच ठेवलेली नाहीत हे आत्ता लक्षात आलं. मिस्त्री उद्या कोबा घालणार होता, त्याला फोन लावतोय. शॉवरचं बायकोला कुणीतरी सांगा.