मदत हवी आहे: मे महिन्यात ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क (तीर्थन), दोन मुलं आणि सासरे. ट्रेक, राफ्टिंग, पॅराग्लायडिंग सगळं एका ट्रिपमध्ये बसेल का?

वैतागवाडी

नमस्कार मंडळी,

मे महिन्याच्या मध्यावर दहाएक दिवस हिमाचलला जायचं घाटतंय. मुलगा पुढच्या वर्षी दहावीत, म्हणजे नंतर वर्षभर कुठे हलणं नाही, त्यामुळे यंदा काहीतरी दणदणीत करूया असं घरात ठरलंय आणि ठरल्यापासून रोज भांडणं चालू आहेत. मुलाला राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग, मुलीला (पाचवी) तंबूत झोपायचंय आणि बर्फ बघायचाय, नवऱ्याला ट्राउट पकडायचीय (आजपर्यंत मुळशीला गळ टाकून बसण्यापलीकडे मजल नाही), मला जंगलातला एक बरा ट्रेक हवाय आणि सासऱ्यांना जुनी देवळं. बाबा अडुसष्ट वर्षांचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे पण रोज पर्वती चढतात आणि ते भेटेल त्याला सांगतात पण.

खूप शोधून तीर्थन व्हॅली आणि तिथलं नॅशनल पार्क पक्कं केलंय. आत्ताचा कच्चा प्लॅन असा आहे की झेलमने अंबाला, तिथून गाडी करून जिभी, मग जलोरी पास, मग पार्कात दोन रात्रींचा ट्रेक, मग कसोल, मग मनाली, रोहतांग, आणि परतताना बीरला पॅराग्लायडिंग. नवरा म्हणतो हे दहा दिवसांत आरामात होईल, पण तो गूगल मॅपवरचे तास बघून बोलतोय.

प्रश्न असे की पार्काच्या आतच या सगळ्या ॲक्टिव्हिटी मिळतात का, का प्रत्येकाला वेगळीकडे जावं लागतं? परमिटचं काय? मुलीला आणि बाबांना उंचीचा त्रास होईल का? आणि या यादीतलं काय उडवू? प्लीज जाऊन आलेल्यांनी सांगा, ट्रॅव्हल एजंटचं पॅकेज नकोय.

---

कातळकडा

ताई, आधी एक गोष्ट क्लिअर करतो. नॅशनल पार्कात चालणं आणि मुक्काम, एवढंच. झिपलाइन, राफ्टिंग, उडणं यातलं आत काहीही नाही आणि ते नाही म्हणूनच ते जंगल तसं राहिलंय. साडेसातशे चौरस किलोमीटरचं पार्क आहे, २०१४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आलं, आणि आत गाडीरस्ता नाही. राफ्टिंग बियास नदीवर, म्हणजे कुल्लूजवळ. उडायचं असेल तर कुल्लूच्या वर डोभीला किंवा लांब बीरला. त्यामुळे तुमची ट्रिप मुळातच दोन तुकड्यांची आहे, अर्धी तीर्थनमध्ये आणि अर्धी बियासकाठी. कसोल, मनाली, रोहतांग आत्ताच्या आत्ता खोडा. मेमध्ये मनालीच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये बसायचं असेल तर चांदणी चौक काय वाईट आहे.

ट्रेकचं सांगतो. गुशैणी हे पार्काकडे जायचं शेवटचं मोठं गाव. तिथून तीर्थन नदीच्या काठाने रोल्ला या कॅम्पच्या जागेपर्यंत दहाएक किलोमीटर, चढ बेताचा, वाटेत गावं, शेतं आणि मग एकदम देवदार सुरू होतात. रोल्लाच्या जरा अलीकडे पार्काचं गेट. तुमची पाचवीतली मुलगी हे हसत करेल. रोल्ला साधारण २१०० मीटरवर आहे, तंबू तिथेच लागतात, नदीचा आवाज रात्रभर. तिथून पुढे शिल्ट हटला जायचं तर ३१०० मीटर, म्हणजे एका दमात हजार मीटरचा चढ. कळसूबाईला बारीतून जेवढं चढतो त्यापेक्षा जास्त, आणि तेही आधीच्या दिवसाचे पाय घेऊन. मुलाला आणि तुम्हाला जमेल, मुलीचं तुम्ही ठरवा, बाबांना नको.

मग करायचं असं की सगळ्यांनी रोल्लापर्यंत जायचं, एक रात्र राहायचं, दुसऱ्या दिवशी तुम्ही आणि मुलगा गाइडबरोबर शिल्टच्या दिशेने जमेल तेवढं चढून परत या, बाकीचे नदीवर बसतील. दुसरी रात्र पण रोल्लाच. सामान उचलून रोज कॅम्प हलवण्यापेक्षा मुलांबरोबर हे दसपट बरं.

परमिट गुशैणीच्या अलीकडे साई रोपाला वनखात्याचं केंद्र आहे तिथे होतं. सगळ्यांची ओळखपत्रं आणि झेरॉक्स ठेवा. गाइड गावातलाच घ्या, होमस्टेवाले सांगतात, तंबू आणि स्वयंपाकी पण त्यांच्याकडूनच. कचरा सगळा परत आणायचा.

---

पुणेरीपाटी

नवऱ्याला सांगा गूगलचे तास मैदानातले असतात. अंबाल्याहून औटच्या बोगद्यापर्यंत आता रस्ता पुष्कळ सुधारलाय, पण बोगद्याच्या अलीकडून बंजारकडे वळलात की एकपदरी रस्ता, समोरून बस आली की मागे घ्या. पुण्याहून झेलमने येऊन त्याच दिवशी जिभी गाठायचं डोक्यात असेल तर काढून टाका. मुलांना उलटीच्या गोळ्या बंजारच्या आधी द्या, नंतर उपयोग नसतो.

---

मोनालमागे

मे म्हणजे पक्ष्यांसाठी सोनं आहे हो! हिमाचलचा राज्यपक्षी जुजुराना (वेस्टर्न ट्रॅगोपॅन) याच पार्कात बऱ्यापैकी संख्येने आहे आणि एप्रिल-मेमध्ये नर पहाटे ओरडतात. दिसेल याची काही खात्री नाही, भल्याभल्यांना आवाजावरच परतावं लागतं. पण मोनाल आणि कोकलास वरच्या पट्ट्यात दिसायची बरीच शक्यता. दुर्बीण न्याच, गाइडला पहिल्याच दिवशी सांगा की पक्षी बघायचेत म्हणजे तो पहाटे उठवेल, नाहीतर ते लोक ट्रेकर समजून आठला चहा देतात. आणि मुलाला ब्लूटूथ स्पीकर नेऊ देऊ नका, हात जोडून विनंती.

---

वैतागवाडी

बापरे, एवढं सविस्तर! कातळकडा, खूप धन्यवाद. मनाली खोडलं. घरात एकाचं तोंड वाकडं झालंय पण होईल सरळ.

पण एक शंका. रोल्लाला दोन रात्री नुसतं नदीवर बसून मुलगा कंटाळणार नाही का? नेटवर्क पण नसणार. आणि जलोरी पासला बाबांना नेऊ का? ती उंची तर शिल्टएवढीच दिसतेय, ३१२० मीटर.

---

कातळकडा

पार्कात नेटवर्क नाही, बरोबर. कंटाळू दे की, पंधरा वर्षांचा आहे, कंटाळल्यावर लाकडं गोळा करायला... नाही, लाकडं नकोत, पार्कात शेकोटी नाही. पाणी भरायला लावा.

जलोरीला गाडी थेट वरपर्यंत जाते, शोजाच्या पुढे चढ भयंकर आहे, पहिल्या गिअरमध्ये जातं सगळं, त्यामुळे ड्रायव्हर तिथलाच हवा. गाडीने वर जाऊन दोन-चार तास काढून खाली यायला बाबांना बहुतेक काही होणार नाही, पण बीपीची गोळी चालू आहे तर निघायच्या आधी डॉक्टरांना विचाराच आणि पहिल्याच दिवशी नेऊ नका. दोन रात्री खाली झोपून मग. पासवरून सेरोलसर तलावाला पाचेक किलोमीटर ओकच्या जंगलातली जवळजवळ सपाट वाट आहे, तिथे बुढी नागिणीचं देऊळ आहे, लोक तूप वाहतात. बाबांना जमेल तिथपर्यंत चालू द्या. पर्वतीवाले आहेत म्हणजे तुमच्या आधी पोचतील. मेच्या मध्यावर पासच्या आसपास सावलीत थोडाफार बर्फ उरला असला तर असला, मुलीला आधीपासून प्रॉमिस करू नका.

देवळांचं म्हणाल तर बंजारजवळ चैहणी कोठी चुकवू नका. दगड आणि लाकूड एकाआड एक रचून उभा केलेला उंचच उंच मनोरा, १९०५ च्या कांगडा भूकंपात वरचे मजले गेले असं सांगतात, तरीही मान दुखेपर्यंत वर बघावं लागतं. खालून बागी गावातून शृंगी ऋषींच्या देवळावरून चढायचं, तासाभराचा चढ आहे, सावकाश जा.

---

शिडाच्यामागे

राफ्टिंगबद्दल. पिरडी ते झिरी असा चौदा किलोमीटरचा टप्पा प्रसिद्ध आहे, छोटे टप्पे पण करतात. मेमध्ये बर्फ वितळायला लागलेला असतो, पाणी गार आणि जोरात. लहान मुलांना घेत नाहीत, मुलीचं वय आणि वजन आधीच विचारा, आणि घेतो म्हणाला तर मीच नको म्हणेन. आमच्या वेळी एकाने लाइफ जॅकेटची तुटलेली बकलं दोरीने बांधून दिली होती, आम्ही पैसे सोडून दुसऱ्याकडे गेलो. हेल्मेट घट्ट बसतंय का, जॅकेट खांद्यावरून ओढल्यावर वर येतंय का, हे प्रत्येकाचं स्वतः ओढून बघा. १५ जुलै ते १५ सप्टेंबर राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग दोन्ही बंद असतं, तुम्ही मेमध्ये जाताय त्यामुळे प्रश्न नाही. दोन्ही सकाळीच करा. दुपारी वारा फिरतो.

आणि हे विषयांतर वाटेल पण लिहितोच. मंडी ते औट हायवेवर नदी खाली छान दिसते म्हणून कोणी फोटोला उतरू नका. २०१४ च्या जूनमध्ये थलौटला लारजी धरणातून पाणी सोडलं आणि हैदराबादहून सहलीला आलेले चोवीस इंजिनियरिंगचे विद्यार्थी वाहून गेले. पाणी मिनिटांत वाढतं. नदीत पाय घालायचे ते तीर्थनमध्ये घाला, तिच्यावर धरणं नाहीत. तिथल्या लोकांनी वीजप्रकल्प होऊ दिले नाहीत, दिलेराम शबाब नावाचे माजी आमदार त्यासाठी कोर्टापर्यंत गेले होते. तीर्थनमध्येसुद्धा गुडघ्याच्या वर पाणी जाईल तिथे मुलांना सोडू नका, प्रवाहाला ओढ आहे.

---

गळाला_मासा

ट्राउट! शेवटी माझा विषय निघाला. मार्च ते ऑक्टोबर सीझन, त्यामुळे मे उत्तम. मत्स्य विभागाचा रोजचा परवाना घ्यावा लागतो, होमस्टेवाले काढून देतात आणि रॉडही भाड्याने मिळतो. पण मेमध्ये वर बर्फ वितळून पाणी गढूळ आणि फुगलेलं असलं तर मासा येत नाही, सकाळी लवकर आणि सूर्य कलल्यावर प्रयत्न करा. ही ट्राउट मुळातली तिथली नाहीच, इंग्रजांनी १९०९ च्या सुमारास कुल्लूत आणून सोडली. मुळशीच्या अनुभवावर जाऊ नका असं साहेबांना प्रेमाने सांगा. नाहीच लागली तर फार्मची ट्राउट गावात मिळते, ती तळून खा आणि फोटो हातात धरून काढा.

---

वैतागवाडी

हे वाचून नवरा म्हणतोय "मी आणतोच." बघू.

बरं, आता असा प्लॅन जमतोय. अंबाल्याला उतरून थोडं पुढे जाऊन मंडीच्या आसपास मुक्काम. दुसऱ्या दिवशी गुशैणी, तिथेच होमस्टे आणि परमिट. मधला एक दिवस मासे आणि चैहणी कोठी. मग जलोरी-सेरोलसर. मग रोल्ला दोन रात्री. खाली उतरून एक दिवस नुसतं लोळायचं. मग कुल्लूच्या बाजूला नग्गरला मुक्काम करून एका सकाळी राफ्टिंग, दुसऱ्या सकाळी डोभीला उड्डाण, आणि परत. बीर पण खोडलं. मुलगा म्हणतो बीरचं उड्डाण मोठं असतं, डोभीला पटकन संपतं. खरंय का?

---

शिडाच्यामागे

खरंय. बीरला बिलिंगवरून २४०० मीटरवरून सुटतात, हवा चांगली असेल तर बराच वेळ वर राहता येतं, २०१५ चा वर्ल्ड कप तिथे झालाय. पण त्यासाठी मुलीला आणि बाबांना आणखी एक अख्खा दिवस गाडीत बसवणार का? पहिल्यांदा उडणाऱ्याला डोभी पुरतं. बीरला बारावीनंतर मित्रांबरोबर जाऊ दे, स्वतःच्या पैशाने.

---

मोनालमागे

लोळायचा दिवस ट्रेकच्या आधी हलवता आला तर बघा. रोल्लाला जायच्या आदल्या दिवशी पाऊस लागला तर तो दिवस हातात राहतो. मेमध्ये दुपारी ढग येऊन गारा पडणं नेहमीचंच आहे. पाँचो सगळ्यांना, छत्री फक्त बाबांना.

---

वैतागवाडी

हे पटलं, हलवला. आता शेवटचं. बाबांना तिकडे रोज राजमा-चावल झेपेल का, का थालीपिठाची भाजणी आणि मेतकूट बरोबर घेऊ? रोल्लाला स्वयंपाकी असतो ना?

---

पुणेरीपाटी

भाजणी घ्या, मेतकूट घ्या. स्वयंपाकी असतो आणि मॅगीपासून डाळ-भातापर्यंत सगळं करतो, थालीपीठ मात्र तुम्हालाच थापावं लागेल. खाली गावात सिड्डू खायला घाला बाबांना, तिकडचा गव्हाच्या पिठाचा प्रकार, वाफवलेलं असतं, तूप घालून देतात, त्यांना आवडेल. बुकिंग लवकर करा, मेमधल्या शनिवार-रविवारी दिल्ली-चंदीगडची गर्दी असते, त्यामुळे जिभी-जलोरीचा दिवस मधल्या वारी टाका.