वैनगंगेचा घाट, डोंगे अन् मासोळ्या – तुमच्या आठवणी लिहा

नदीकाठची
परवा बाजारात एका मावशीच्या टोपलीत झिंगे दिसले, वर ओलं पळसाचं पान, अन् तो वास आला तशी मी थेट पवनीच्या दिवाण घाटावर पोचले. आजोळ माझं तिथलं. शेजारचे ढिवर मामा पहाटे डोंगा लावायचे, आजी मला डबा देऊन पिटाळायची. मामा जाळं पायरीवर पसरायचे, अडकलेली मासोळी कधी ओढायचे नाहीत, बोटानं एकेक फास सैल करून काढायचे, तुटला फास की तिथंच गाठ. त्या पायरीला डोंग्याच्या दोरानं घासून खाच पडली होती, माझी करंगळी बरोबर बसायची त्यात. मागच्या महिन्यात गेले तर खाच आहे, डोंगा एकही नाही. जीव कसनुसा झाला. तुमच्या नदीच्या आठवणी लिहा ना.

धानवाला
वर गोसेखुर्द धरण झालं ना ताई. पवनी पडते धरणाच्या खालच्या अंगाले, दारं बंद तर नुसते दगड, उघडली तर पूर. ३३ दारं आहेत. ऑगस्ट २०२० च्या शेवटी सगळी उघडली तवा आमच्या घरात छातीएवढं पाणी, धानाची पोती सडली, भरपाईसाठी किती खेटे घातले काय सांगू

माहेरवाशीण
डांगरवाडी कोणालाच आठवत नाही का?? नदी उतरली की रेतीत आळी करून शेणखत टाकायचं, टरबूज, डांगर, काकडी. बाबा राखणीला खोपडीत झोपायचे अन् आम्ही पोरं भाकर घेऊन जायचो, रेती इतकी गार असायची रात्री. पहिलं डांगर माय नदीत सोडायची. आता रेतीच ट्रॅक्टरनं गेली

धानवाला
हो ना जी, रेतीचं तर बोलूच नका

ढिवराचा नातू
मी ढिवर. आजा नदीवर जगला, आम्ही तलावात रोहू-कतला मासोळ्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, सोडतो, पोट भरते. पण धरणात माझे सासरे जाळं टाकतात तर जलपर्णीच जास्त येते. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानात, कन्हान आंभोऱ्याले वैनगंगेत, मंग धरणातच ना सारं. नदीची मरळ मायच्या हातची खाऊन किती वर्षं झाली. ताई, ते फास सैल करायचं लिहिलं तुम्ही, आजा तसाच करे. डोळे भरले.

नदीकाठची
दादा 🙏 आजोबांचं अजून लिहा ना

टेकडीवरचा
आंभोऱ्याला आम्ही डोंग्यानं पलीकडे जायचो, आता मोठा पूल झाला. अन् पवनीला नुसते घाट नाहीत, जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० ला खोदकामात बौद्ध स्तूप निघाला, दोन हजार वर्षांहून जुना. लोक देवळं पाहून परततात, वाईट वाटतं. पोरांना घेऊन जा एकदा तरी

रातराणी
झिंगे कसे करता तुम्ही? सासूबाई जवसाच्या तेलात करतात, मला जमतच नाही

नदीकाठची
आजी आंबाडीची भाजी घालायची, तेल कडक तापू दे आधी, मग लसूण

माहेरवाशीण
अन् डोकी काढू नको, चव तिथंच असते

ढिवराचा नातू
ते झिंगे कोणत्या बाजारात दिसले ताई?

नदीकाठची
आमच्या बुधवारच्या. नऊच्या आत या दादा, मावशी एकच टोपली आणतात.